शेजारच्या नव्या घराला हरकत : कोणाकडे, कधी आणि कोणत्या आधारावर

शेजारच्या भूखंडावर नवे घर उभे राहणार असल्याची पहिली वार्ता गोव्यात सहसा कागदावरून येत नाही. ती जेसीबीच्या आवाजावरून येते. कुंपणापलीकडची झाडे पडतात, चिरे घेऊन आलेला ट्रक अरुंद वाटेवर अडकतो आणि आपल्या विहिरीचे, पायवाटेचे, पावसाळी पाण्याचे काय होणार हा प्रश्न घराघरांत विचारला जाऊ लागतो. तोवर बहुतेक वेळा नकाशा संमत होऊन परवाना अर्जदाराच्या हाती पडलेला असतो. याचे कारण व्यवस्थेतच आहे. साध्या निवासी घराच्या अर्जाची जाहीर सूचना काढून शेजाऱ्यांकडून हरकती मागवण्याचे बंधन येथे नाही. स्विंडनसारख्या शहरात स्थायिक झालेल्या गोमंतकीयांना इंग्लंडमधली वेगळी रीत परिचित असेल. तेथे स्थानिक कौन्सिल शेजाऱ्यांना पत्र पाठवते किंवा जागेवर सूचना लावते आणि म्हणणे मांडण्यासाठी २१ दिवस देते. गोव्यात शेजाऱ्याने स्वतःच जागे राहावे लागते.

मात्र बोलावणे आले नाही म्हणून बोलण्याचा अधिकारच नाही, असे नव्हे. या बाबतीत आजही आधारभूत मानला जाणारा निवाडा गोव्यापासून फार दूरचा नाही. उडुपी येथे निवासी भागात कल्याणमंडप व व्याख्यानगृहासाठी घेतलेल्या परवानगीचे रूपांतर नगरपालिकेने चित्रपटगृहाच्या परवानगीत केले. त्याच भागातील एका रहिवाशाने त्याला आव्हान दिले. के. रामदास शेणॉय यांच्या या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली स्पष्ट केले की, नगररचना योजनेविरुद्ध परवानगी देण्याचा अधिकार नगरपालिकेलाच नसतो. अशा बांधकामाचा परिणाम रहिवाशांच्या मालमत्तेच्या उपभोगावर होत असल्याने त्यांना दाद मागता येते. आणि बेकायदा परवानगीवर कोणी पैसा खर्च केला म्हणून ती कायदेशीर होत नाही. गोव्यातील हरकतदाराचे स्थान या निवाड्यावर उभे आहे. त्यातली मर्यादाही तितकीच ध्यानात ठेवावी लागते. न्यायालयाने संरक्षण दिले ते नियमाला, शेजाऱ्याच्या पसंतीला नव्हे.

परवाना कोण देतो

ग्रामीण भागात घराचा परवाना पंचायत देते. गोवा पंचायत राज कायदा, १९९४ च्या कलम ६६ नुसार पंचायतीच्या लेखी परवानगीशिवाय इमारत बांधता येत नाही, असलेल्या इमारतीत भर घालता येत नाही आणि पुनर्बांधणीही करता येत नाही. परंतु राज्यातील १९१ पंचायतींपैकी कोणतीही पंचायत नकाशाची तांत्रिक छाननी स्वतः करत नाही. जमीन कोणत्या क्षेत्रात मोडते, चटई क्षेत्र किती, चारही बाजूंनी किती जागा सोडली आहे, रस्ता किती रुंद आहे, हे नगरनियोजन खाते तपासते आणि तांत्रिक मंजुरी देते. सांडपाणी व मलटाकीच्या व्यवस्थेबाबत आरोग्य अधिकाऱ्याचा दाखला लागतो. जमीन शेतीची किंवा बागायतीची असेल तर तिचा वापर बदलण्यासाठी जमीन महसूल संहिता, १९६८ च्या कलम ३२ खाली जिल्हाधिकाऱ्यांची सनद घ्यावी लागते. शहरांत पंचायतीच्या जागी नगरपालिका येते, पणजीत महानगरपालिका. आणि नियोजन क्षेत्र जाहीर झालेल्या ठिकाणी नगरनियोजन खात्याऐवजी नियोजन व विकास प्राधिकरण विकास परवानगी देते.

हा पसारा सांगण्याचे कारण व्यावहारिक आहे. असंख्य हरकती केवळ चुकीच्या दारात ठेवल्या गेल्यामुळे पडून राहतात. टेकडी कापल्याची तक्रार सरपंचाकडे, मलटाकीची तक्रार मामलेदाराकडे आणि हद्दीचा वाद नगरनियोजन खात्याकडे गेला, तर प्रत्येकजण ‘हा आमचा विषय नाही’ असे उत्तर देतो आणि ते उत्तर खोटे नसते. अर्ज पंचायतीला लिहून त्याच्या प्रती संबंधित प्रत्येक खात्याला देणे, आणि प्रत्येक प्रतीत त्या खात्याच्या अखत्यारीतला मुद्दा वर आणणे, हा त्यावरचा मार्ग.

कालमर्यादाही लहान आहे. अर्ज मिळाल्यापासून तीस दिवसांत पंचायतीने निर्णय कळवला नाही, तर अर्जदाराला उपसंचालकांकडे अपील करता येते. तेथेही तीस दिवसांत निकाल लागला नाही, तर नियमभंग होत नसल्यास परवानगी मिळाल्याचे मानले जाते. म्हणजे पंचायतीने हरकतीवर नुसते बसून राहणे हरकतदाराच्या उपयोगाचे नसते, उलट अर्जदाराच्या पथ्यावर पडू शकते. हरकतीवर लेखी निर्णय द्या, असा आग्रह म्हणूनच धरावा लागतो.

ग्रामसभेविषयी मोठा गैरसमज आहे. बड्या निवासी प्रकल्पांविरुद्ध ग्रामसभांनी केलेल्या ठरावांना राजकीय वजन असते, वृत्तपत्रांत त्यांना जागा मिळते. पण एकट्या घराचा परवाना ग्रामसभा देत नाही आणि नाकारतही नाही. तो निर्णय पंचायत मंडळाचा. ग्रामसभेत विषय काढावा, तो इतिवृत्तात नोंदवला जातो की नाही ते पाहावे. परंतु लेखी हरकत पंचायत कार्यालयात देऊन तिच्यावर आवक क्रमांक व शिक्का घेतला नसेल, तर कायद्याच्या दृष्टीने हरकत घेतलीच गेली नाही असे समजावे.

आधी जमीन, मग नकाशा

गोव्यात शेजारी हा पुष्कळदा नुसता शेजारी नसतो. तो भाऊबंद असतो, आणि ज्या भाटात घर उभे राहते ते भाट अजून वाटले गेलेले नसते. आजोबांच्या नावावरची मालमत्ता, तिच्या अनेक वारसांपैकी कोणी मुंबईत, कोणी आखातात, कोणी पोर्तुगालमध्ये, आणि जागेवर राहणाऱ्या एकाने किंवा त्याच्याकडून अविभक्त हिस्सा घेतलेल्या त्रयस्थाने परवान्यासाठी केलेला अर्ज, ही येथील वादांची नेहमीची मांडणी आहे. अशा वेळी चटई क्षेत्राचा हिशेब करत बसण्याआधी एक आणि चौदाचा उतारा काढावा. त्यातील भोगवटादारांच्या रकान्यात आणखी कोणाची नावे आहेत, त्यांची संमती अर्जाला जोडली आहे का, मुखत्यारपत्रावर सही झाली असेल तर त्या पत्रात बांधकामाचा अधिकार दिला आहे का, हे प्रश्न पंचायतीपुढे ठेवण्याजोगे आहेत. विवाहित सहमालकाच्या बाबतीत पतिपत्नीच्या सामायिक मालकीचा येथील नागरी कायदाही लागू होतो. जोडीदाराची सही नसलेली खरेदीखते त्यामुळेच अडचणीत येतात.

उताऱ्याची किंमत मात्र ओळखून असावे. त्यातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, पण ती मालकी बहाल करत नाही. पोर्तुगीज काळातील नोंदणी दस्तऐवज, मात्रीझ, वाटणीपत्रे आणि भूमापनानंतरचे उतारे यांचा मेळ पुष्कळदा बसत नाही. पंचायत हा मेळ घालत नाही. तो घालण्याची जागा दिवाणी न्यायालय आणि वारसांच्या वाटणीसाठी इन्व्हेंटरीची कार्यवाही, ज्यासाठी आता २०१२ चा गोवा वारसाहक्क, विशेष नोटरी व इन्व्हेंटरी कार्यवाही कायदा आहे. पंचायतीपुढे एवढेच दाखवायचे असते की, अर्जदाराची एकट्याची मालकी कागदोपत्री स्पष्ट नाही आणि सहमालकांची संमती नाही. कोमुनिदादची जमीन असेल तर प्रश्न आणखी सरळ होतो, कारण कोमुनिदादच्या भूखंडाला वाटपाची स्वतःची कार्यपद्धती आहे आणि तिचे कागद असतात किंवा नसतात.

मुंडकाराच्या घराबाबत हरकत घेताना विशेष सावधगिरी हवी. १९७५ च्या मुंडकार कायद्याने त्याला घरातून काढण्याविरुद्ध संरक्षण दिले आहे आणि घर विकत घेण्याचा हक्कही दिला आहे. भाटकाराच्या वारसांनी मुंडकाराच्या दुरुस्तीला ‘बेकायदा बांधकाम’ म्हणून हरकत घेणे आणि खऱ्या वाढीव बांधकामाला हरकत घेणे, या दोन गोष्टी एकाच अर्जात मिसळल्या की मामलेदार कार्यालयात वर्षे निघून जातात.

हद्दीविषयी शंका असेल तर तोंडी वाद न घालता भूमापन खात्याकडून सीमांकन करून घ्यावे. कुंपण, बांध किंवा जुने माडाचे झाड ही हद्द आहे ही पिढ्यानपिढ्यांची समजूत आणि नकाशावरची रेषा यांत फरक निघतो, आणि तो नेहमी हरकतदाराच्या बाजूनेच निघतो असे नाही. पाया भरण्याआधी हे झाले तर दोन्ही घरांचा पैसा वाचतो.

कोणत्या मुद्द्यांना वजन असते

पहिला मुद्दा क्षेत्राचा. प्रादेशिक आराखडा २०२१ मध्ये जमीन वसाहत क्षेत्रात आहे की नाही, हे सर्व्हे क्रमांकावरून पाहता येते. भातशेती व खाजन जमीन त्या आराखड्याच्या पहिल्या पर्यावरण-संवेदनशील वर्गात येते, बागायती दुसऱ्या. बागायती वा शेतीच्या क्षेत्रात ‘फार्महाऊस’ म्हणून परवानगी मागितली असेल तर किमान ४,००० चौरस मीटर जमिनीची अट आहे. फार्महाऊसच्या नकाशात जलतरण तलाव आणि पाच शयनगृहे दिसली, तर शेती कुठे आहे हे विचारणे गैर नव्हे.

क्षेत्र बदलण्याचा प्रस्ताव असेल तर चित्र बदलते. नगरनियोजन कायद्यात २०२४ पासून आलेल्या कलम ३९ अ खाली क्षेत्रबदल करताना लोकांच्या सूचनांसाठी तीस दिवसांची मुदत जाहीर करावी लागते. त्याआधी आणलेल्या कलम १७ (२) खालचे नियम उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये रद्दबातल ठरवले. सामान्य शेजाऱ्याला जाहीर सूचनेद्वारे हरकत घेण्याचे निमंत्रण मिळते ते येथे. आणि ते राजपत्रात किंवा वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांत असल्यामुळे बहुतेकांच्या नजरेतून सुटते. क्षेत्र एकदा बदलले की त्यावरील घराला ‘ही शेतजमीन आहे’ ही हरकत उरत नाही.

दुसरा मुद्दा डोंगर आणि पाणी. नगरनियोजन कायद्याच्या कलम १७ अ नुसार डोंगराळ जमीन कापण्यास किंवा सखल जमिनीत भराव घालण्यास मुख्य नगरनियोजकांची लेखी परवानगी लागते. घराचा परवाना म्हणजे ही परवानगी नव्हे. पंचवीस टक्क्यांहून अधिक उतारावर विकासास मनाई आहे. शेजाऱ्याने शेतात मातीचे ट्रक रिते केले की पहिल्या मोठ्या पावसात पाणी वाट शोधते ती जुन्या घराच्या अंगणातून. म्हणून भराव सुरू होण्यापूर्वीची आणि नंतरची तारखेसह छायाचित्रे, ओहोळ व मोऱ्यांच्या जागा दाखवणारा भूमापन नकाशा, हे पुरावे लगेच जमवावेत. खाजनात बांध आणि मानस यांना धक्का लागत असेल तर केवळ शेजाऱ्याचे नव्हे, साऱ्या शेतकऱ्यांचे नुकसान असते, आणि हरकत शेतकरी संघटनेमार्फत गेली तर तिला अधिक बळ येते.

नकाशातल्या गोष्टी त्यानंतर. बाजूला सोडायची जागा, उंची, व्याप्ती, रस्त्याची रुंदी हे सारे २०१० च्या गोवा भूविकास व इमारत बांधकाम विनियमांत आहे, आणि भूखंडाच्या व रस्त्याच्या प्रकारानुसार आकडे बदलतात. शेजाऱ्यांच्या हरकतींत सर्वांत दुर्लक्षित राहतो तो रस्ता. नकाशात सहा मीटरचा दाखवलेला रस्ता जागेवर अडीच मीटरची पायवाट निघणे, हे तपासायला फक्त मोजपट्टी लागते. विहिरीपासून मलटाकी व शोषखड्डा किती अंतरावर आहे हेही नकाशावर पाहता येते. मात्र अर्जदाराच्या नकाशात शेजाऱ्याची विहीर दाखवलेलीच नसते. ती दाखवून आरोग्य अधिकाऱ्यांना स्थळपाहणीची विनंती करावी. झाडांसाठी १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली वृक्ष अधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि माडही त्यात आहे. २०१६ मध्ये माड वगळला गेला, गदारोळ झाला, आणि २०१७ मध्ये त्याला राज्यवृक्षाच्या मानासह पुन्हा संरक्षण मिळाले.

किनारी गावांत याखेरीज सीआरझेडचा विचार येतो. २०११ च्या अधिसूचनेनुसार समुद्रकिनारी भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंतचा ग्रामीण पट्टा ना-विकास क्षेत्र आहे. भरती-ओहोटीच्या नद्यांकाठी १०० मीटर किंवा नदीची रुंदी यांतील कमी ते अंतर धरले जाते. पारंपरिक मच्छीमार कुटुंबांना आणि जुन्या अधिकृत घरांच्या दुरुस्तीला त्यात सवलती आहेत. येथे तक्रार गोवा किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे जाते. राष्ट्रीय संरक्षित स्मारकाजवळ पहिल्या १०० मीटरांत नव्या बांधकामाला मनाई आणि पुढील २०० मीटरांत नियंत्रण असते; जुने गोवेसारख्या ठिकाणी हाच मुद्दा निर्णायक ठरू शकतो.

आता जे चालत नाही ते. आपल्या गच्चीतून दिसणारा डोंगर झाकला जातो, घराची किंमत घटेल, नवे घर गावाच्या धाटणीत बसत नाही, बांधकामाचा त्रास होईल, मालक परप्रांतीय आहे: या कारणांवर परवाना नाकारता येत नाही. शेवटचे कारण अलीकडे ग्रामसभांत सर्वाधिक ऐकू येते. गावांची ओळख पुसली जात असल्याची वेदना खरी आहे. पण कायदा जमिनीकडे पाहतो, मालकाच्या आडनावाकडे नाही, आणि अर्जात ते कारण आले की बाकीचे चार खरे मुद्देही द्वेषातून आले आहेत असे म्हणण्याची संधी समोरच्या वकिलाला मिळते. उजेड-वाऱ्याच्या हक्काचे थोडे वेगळे आहे. वीस वर्षे विनाअडथळा उपभोगलेला उजेड आणि वारा हा सुविधाधिकार ठरू शकतो. परंतु तो दिवाणी न्यायालयात सिद्ध करावा लागतो, आणि थोडी सावली वाढली एवढ्याने भागत नाही, अडथळा भरीव असावा लागतो.

कागद हाती कसे येतात

नकाशा न पाहता घेतलेली हरकत अंदाजावर उभी असते. माहिती अधिकार कायदा, २००५ खाली दहा रुपये शुल्क भरून पंचायत आणि नगरनियोजन खाते या दोन्हीकडे स्वतंत्र अर्ज करावा. अर्ज, नकाशे, तांत्रिक मंजुरी, सनद, स्थळपाहणी अहवाल आणि पंचायत मंडळाचा ठराव यांच्या प्रमाणित प्रती मागाव्यात. उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत असते आणि शेजारी ‘त्रयस्थ’ ठरवून त्याचे मत मागवले गेल्यास आणखी वेळ जातो. तेवढ्यात भिंती उभ्या राहतात. म्हणून त्याच अर्जात दप्तराच्या प्रत्यक्ष पाहणीची मागणी करावी. पाहणी कायद्यात स्पष्टपणे अंतर्भूत आहे आणि पुष्कळदा ती लवकर मिळते. सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२४ रोजी बेकायदा बांधकामांबाबत दिलेल्या निर्देशांत मंजूर नकाशा बांधकाम चालू असेतोवर जागेवर लावून ठेवावा असेही म्हटले आहे. तो लावलेला नसेल तर तेवढ्यावरूनही पंचायतीला पत्र लिहिता येते.

हरकतीचा मजकूर दोन पानांत बसावा. सर्व्हे क्रमांक व उपविभाग, हरकतदाराचे त्या जागेशी नाते, मग एकेक मुद्दा आणि त्यापुढे त्याचा पुरावा. शेवटी स्थळपाहणीची आणि निर्णयापूर्वी म्हणणे ऐकून घेण्याची स्पष्ट मागणी. पंचायत सदस्यांवरचे संशय, जुनी भांडणे, देवळातल्या मानपानाचे वाद यांना त्यात जागा नको. वाड्यावरच्या वीस जणांनी एकाच छापील मजकुरावर सह्या करण्यापेक्षा, ज्या तिघांची विहीर किंवा वाट खरोखर बाधित होते त्यांनी वेगवेगळी पत्रे देणे अधिक परिणामकारक ठरते.

परवाना दिला गेल्यानंतर

परवाना नसताना, किंवा परवान्याच्या अटी मोडून काम चालले असेल, तर कलम ६६ पंचायतीला काम थांबवण्याचा आणि नोटीस देऊन ते पाडण्याचा अधिकार देते. पंचायतीने माहिती मिळूनही एक महिन्यात कृती केली नाही तर तो अधिकार उपसंचालकांकडे जातो. म्हणून पहिल्या तक्रारीची तारीख मोलाची: महिन्याची मोजणी तिच्यावरून होते. सुट्टीच्या दिवसांत, विशेषतः चतुर्थी आणि नाताळाच्या आसपास, डोंगरकापणी किंवा भराव रातोरात उरकला जातो. त्यासाठी जिल्हा प्रशासनाची भरारी पथके आहेत. मार्च २०२५ मध्ये गोवा खंडपीठाने स्वतःहून दखल घेतलेल्या प्रकरणात बेकायदा बांधकामांबाबत पंचायती व अधिकाऱ्यांवर जबाबदारी निश्चित केल्यापासून अशा तक्रारी नुसत्या फायलीत ठेवणे पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही.

परवाना असेल पण तो नियमबाह्य दिला गेला असेल, तर पंचायत संचालनालयाकडे ठराव स्थगित करण्याची मागणी करता येते. खोट्या माहितीवर मिळवलेला परवाना रद्द करण्याची तरतूद विनियमांत आहे. त्यापुढचा टप्पा पर्वरी येथील उच्च न्यायालयात रिट याचिकेचा. सीआरझेड किंवा पर्यावरणाचा प्रश्न असेल तर पुण्याच्या राष्ट्रीय हरित लवादाकडे जाता येते, आणि तेथे अपिलाची मुदत तीस दिवसांची, कारण दाखवल्यास आणखी साठ दिवसांपर्यंत वाढणारी आहे. मालकी, हद्द, वाट यांचे दावे दिवाणी न्यायालयात, तात्पुरत्या मनाईच्या अर्जासह. मनाईचा अर्ज जोत्यापर्यंत काम आले असताना केला तर न्यायालय त्याकडे एका नजरेने पाहते, स्लॅब पडल्यावर केला तर दुसऱ्या. दोन महिने कुंपणाआडून पाहत राहिलेल्या हरकतदाराला ‘तेव्हा का आला नाहीत’ हा प्रश्न हमखास विचारला जातो. जाणकार बांधकाम करणारे आधीच कॅव्हेट दाखल करून ठेवतात. ते नव्वद दिवस टिकते, आणि ते असताना एकतर्फी मनाई मिळत नाही.

पाडकामाचा आदेश मिळाला तरी तो लगेच अमलात येईल अशी अपेक्षा धरू नये. सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २०२४ च्या निर्देशांनुसार, रस्ता, पदपथ, जलाशय अशा सार्वजनिक जागांवरील अतिक्रमणे वगळता, पाडण्यापूर्वी किमान पंधरा दिवसांची नोटीस आणि म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. हे संरक्षण शेजाऱ्याला जसे आहे, तसे उद्या हरकतदाराच्या स्वतःच्या वाढीव व्हरांड्यालाही आहे. हरकत नोंदवली की उलट तक्रार येते आणि पंचायतीचा कर्मचारी दोन्ही घरे मोजून जातो, हा अनुभव गावोगावी आहे.

बांधकाम पूर्ण झाल्यावरही एक टप्पा शिल्लक असतो. मंजूर नकाशाप्रमाणे काम झाल्याचा पूर्णत्व दाखला आणि त्यानंतर पंचायतीचा भोगवटा दाखला. वाढवलेला मजला किंवा बाजूच्या मोकळ्या जागेत आलेली बाल्कनी पकडण्याची ही सोपी वेळ, कारण मंजूर नकाशा आणि उभी इमारत दोन्ही समोर असतात. ‘नंतर नियमित करून घेऊ’ असे उत्तर मिळाले तर २०१६ च्या नियमितीकरण कायद्याची तारीख तपासावी. तो २८ फेब्रुवारी २०१४ पूर्वीच्या बांधकामांसाठी आहे, आणि त्या दिवशी जागेवर काय होते हे दाखवायला जुनी घरपट्टीची पावती, वीजबिल किंवा त्या काळातले उपग्रह छायाचित्र उपयोगी पडते.